आधी जिगर बघा, मग ईटीपी

मंडळी, विषय सांडपाण्याचा आहे, पण मी सुरुवात तिथून करणार नाहीये. कारण असं होतं की इचलकरंजीतल्या कुठल्याही प्रोसेसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, गेलो की मालक गेटवरूनच मला मागच्या बाजूला ईटीपीकडे, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटकडे, नेतात, ब्लोअर दाखवतात, क्लॅरिफायर दाखवतात आणि विचारतात, साहेब सीओडी, म्हणजे पाण्यातल्या घाणीचा आकडा, लिटरला २५० मिलिग्रॅमच्या खाली कसा येईल तेवढं सांगा. मी म्हणतो आधी जिगर, म्हणजे कपडा रंगवायचं आणि धुवायचं मशीन, दाखवा. पाणी घाण तिथं होतं आणि वायाही तिथंच जातं.

आता जिगरवर काय चालतं बघा. डाईंग संपलं, पोरगं ओव्हरफ्लो वॉशला पाइप सोडतं आणि चहाला जातं. एक इंची पाइप, मिनिटाला ४० लिटर धरा, अर्ध्या तासात १२०० लिटर गेले, आणि त्यातलं सुरुवातीचं थोडं पाणी सोडलं तर बाकीचं कपड्यातनं काहीच काढत नसतं, वरच्या वर वाहून गटारीत जातं. त्यापेक्षा भरा, कपडा फिरवा, सोडा, परत भरा, असं दोन-तीनदा केलं तर पाणी निम्म्याच्या आसपास येतं आणि कपडा जास्त स्वच्छ निघतो. शेवटच्या धुण्याचं पाणी तर जवळजवळ स्वच्छच असतं हो, ते टाकीत घ्या आणि पुढच्या लॉटच्या पहिल्या धुण्याला वापरा. याला कुठलीही परदेशी मशिनरी लागत नाही, एक टाकी, एक पंप आणि मुख्य म्हणजे प्रत्येक खात्याला वेगळा मीटर लागतो. बोअरवर एकच मीटर असेल तर पाणी ब्लीचिंगला गेलं, बॉयलरला गेलं का बाथरूमला, कुणाला कळणार? आणि लॉगबुक, ते तर विचारूच नका, मी असंही लॉगबुक बघितलंय की अख्ख्या महिन्याचे आकडे एकाच पेनानं, एकाच बैठकीत भरलेले.

गरम पाण्याचं तर मला फारच वाईट वाटतं. स्टीमचं कंडेन्सेट म्हणजे स्टीम थंड होऊन झालेलं, मीठ नसलेलं, ८०-९० डिग्रीचं पाणी, ते बॉयलरला परत न्यायचं सोडून आपण गटारीत सोडतो. फीड वॉटर, म्हणजे बॉयलरला जाणारं पाणी, दर ६ डिग्रीनं तापलं की साधारण १ टक्का इंधन वाचतं, म्हणजे २५ वरनं ८५ ला नेलं तर १० टक्के. बॉयलरच्या बगॅसचं, म्हणजे उसाच्या चिपाडाचं, बिल बघा आणि तुम्हीच गुणाकार करा.

आता मिठावर येतो, इथं जरा थांबणार आहे कारण खरं दुखणं इथं आहे. समजा १००० किलो कॉटन कपडा आहे, १:५ नं, म्हणजे किलोला पाच लिटर पाणी, ५००० लिटरचा रंगाचा बाथ, रिअ‍ॅक्टिव्ह डाय, लिटरला ५० ग्रॅम ग्लॉबर सॉल्ट. झालं २५० किलो मीठ. रंग तरी बराचसा कपड्यावर बसतो, मीठ मात्र सगळंच्या सगळं पाण्यात जातं, ते रंगाला कपड्याकडं ढकलायलाच घातलेलं असतं. त्या बाथचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला ५०,००० मिलिग्रॅम आणि नदीत सोडायची मर्यादा २१००. आणि तुमच्या ईटीपीतले जिवाणू सुताला लावलेली खळ खातात, बाकीचं सेंद्रिय खातात, मीठ खात नाहीत. उलट आपण वरनं चुना, फेरस टाकून टीडीएस वाढवतोच. मग काही जण म्हणतात पाणी मिसळून पातळ करू. अहो, ते एवढे ५००० लिटर २१०० वर आणायला अजिबात मीठ नसलेलं पाणी वापरलं तरी सगळं मिळून सव्वा लाख लिटरच्या घरात जातं! आणि तो उपाय नाहीच, ती पळवाट आहे.

म्हणून रंगाचा बाथ आणि त्यानंतरचं पहिलं धुणं, एवढं वेगळ्या लाइननं काढा. पाणी थोडं असतं पण मीठ बहुतेक सगळं त्यात असतं, बाकीचं पाणी मग आरओला, म्हणजे मेम्ब्रेननं मीठ गाळणाऱ्या यंत्राला, सोपं जातं. त्याहून चांगलं म्हणजे ज्या क्वालिटीला जमेल तिथं कोल्ड पॅड बॅच करा, पॅडिंग करून, म्हणजे कपडा रंगात बुडवून पिळून, रोल गुंडाळून रात्रभर फिरत ठेवायचा, मीठच लागत नाही. फक्त त्यात सिलिकेट वापरलं तर ते आरओच्या मेम्ब्रेनवर बसतं, हे आरओवाला तुम्हाला सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

हे सगळं का करायचं, तर तमिळनाडूतलं कापडाचं शहर तिरुपूर बघा. नोय्यल नदीवरचं ओरत्तुपाळयम धरण शेतीसाठी बांधलेलं, ते रंगाच्या पाण्यानं भरलं, शेतकरी कोर्टात गेले आणि २०११ च्या जानेवारीत मद्रास हायकोर्टानं डाईंग युनिट बंद करायला लावली. नंतर जी सुरू झाली ती आरओ आणि इव्हॅपोरेटर (पाणी आटवायचं यंत्र) लावून, मीठ परत वापरायला शिकून. आपल्याकडं काय वेगळं आहे? पंचगंगा उशाशी असून आपण पाणी कृष्णेवरनं आणतो, दूधगंगेचं मागितलं तर कागलकर विरोधात उभे राहतात, आणि खाली शिरोळ तालुक्यात केंदाळ आणि मेलेले मासे. सगळा दोष प्रोसेसचा नाही, शहराचं मैलापाणी आहे, साखर कारखाने आहेत, मान्य. पण आपला वाटा आपलाच.

आता एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो नाहीतर नंतर मला शिव्या घालाल. पाणी वाचवलं की सीओडीचा आकडा वाढतो. एक लाख लिटरमध्ये २००० सीओडी म्हणजे २०० किलो, तेच २०० किलो साठ हजार लिटरमध्ये आले की आकडा ३३०० च्या वर जातो, आणि मालक घाबरून परत नळ सोडतो. घाबरू नका, घाण तेवढीच आहे. ईटीपीवाल्याशी बोलताना लिटरबरोबर किलोत बोला, एअरेशन, म्हणजे जिवाणूंसाठी पाण्यात किती हवा सोडायची ते, किलोवर ठरतं.

मागनं एकानी विचारलंय, चारच जिगर आहेत, जागा नाही, आम्ही काय करायचं. तुम्ही सीईटीपीला, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक ईटीपीला, जोडा, पण आधी एक दिवसाचं पाणी मावेल असा हौद बांधा, म्हणजे सकाळचं कॉस्टिकचं, म्हणजे अल्कलीचं, आणि संध्याकाळचं आम्लाचं पाणी आपापसातच बरंचसं उदासीन होतं आणि पुढच्या जिवाणूंना एकदम धक्का बसत नाही. हायपो ब्लीचचं पाणी मात्र आधी तपासा, क्लोरीन शिल्लक असला तर जिवाणू मरतात आणि परत वाढायला आठवडे लागतात. आणि रंगाच्या पाण्याची वेगळी लाइन आत्ताच जमिनीत टाकून ठेवा, पुढं जोडायचं काही नसलं तरी चालेल, कारण एकदा फरशी झाली की ती फोडायला कुठलाच मालक तयार होत नाही.