‘इन्क्लूड’ नावाची डिस्क

मंडळी, कबूल केलंय जुन्या अमिगा संगणकाच्या तीन कमांडींवर बोलायचं: असाइन, स्टॅक आणि फेलॲट. पण पहिल्याने माझी अख्खी रात्र खाल्ली होती, त्यामुळे सुरुवात तिथूनच.

मशीन अमिगा 500. मामाने जर्मनीहून आणलेलं. 512 केबी मेमरी, वर्कबेंच 1.3 (म्हणजे मशीन सुरू करायची सिस्टिम), हार्ड डिस्क नाही, दोन फ्लॉपी ड्राइव्ह. इथे बऱ्याच जणांना ते रिकाम्या ड्राइव्हचं टिक्-टिक् आठवत असेल. डिस्क आली का, हे ते मशीन सतत चाचपून बघतं. तर मी वर्कबेंचच्या डिस्कवरून मशीन सुरू केलं, लॅटिस सी कंपायलर (सी भाषेतला मजकूर चालवण्याजोग्या प्रोग्राममध्ये बदलणारा) चालवला, आणि पडद्यावर चौकट आली: ‘प्लीज इन्सर्ट व्हॉल्यूम इन्क्लूड इन एनी ड्राइव्ह’.

मी डबा उपसला. ‘इन्क्लूड’ लिहिलेली डिस्क कुठेच नाही. मला वाटलं, विकणाऱ्याने एक डिस्क कमी दिली. रात्री एकच्या सुमारास सुचलं, की मागतंय ना, मग देऊ या. दुसरी सीएलआय खिडकी (जिच्यात कमांड टाइप करतात ती) उघडली, एक कोरी डिस्क फॉरमॅट केली, तिला नाव दिलं ‘इन्क्लूड’. ती बाहेर काढून पुन्हा आत सरकवली आणि चौकट आपोआप गेली! आनंद मिनिटभर टिकला. मग कंपायलर म्हणाला, एसटीडीआयओ डॉट एच ही त्याला लागणारी फाइल सापडत नाही. बरोबरच आहे, डिस्क रिकामी होती.

ती फाइल होती कंपायलरच्याच दुसऱ्या डिस्कवर, ‘इन्क्लूड’ नावाच्या ड्रॉवरमध्ये. (अमिगात फोल्डरला ड्रॉवर म्हणायचे. मला अजूनही तोच शब्द आवडतो. टेबलाला खण असतो तसा.) कंपायलरच्या डिस्कवरून सुरुवात केली असती, तर तिच्यावरच्या स्टार्टअप-सीक्वेन्सने, म्हणजे सुरू होताना आपोआप चालणाऱ्या कमांडींच्या यादीने, ‘असाइन इन्क्लूड:’ या कमांडने त्या ड्रॉवरकडे बोट दाखवलं असतं. मी ती पायरीच गाळली होती.

आता माझा मुद्दा, ज्यासाठी मी इथे उभा आहे. मशीन खोटं बोलत नव्हतं. अमिगाडॉसमध्ये, म्हणजे अमिगाच्या फाइली सांभाळणाऱ्या भागात, विसर्गासारख्या ‘:’ खुणेआधीचं नाव डिस्कचं असो, ड्राइव्हचं असो की असाइनने एखाद्या ड्रॉवरला दिलेलं, तिन्हींची यादी एकच. त्या यादीत नाव मिळालं नाही, तर त्या नावाची डिस्क कधीतरी घातली जाईल, एवढंच ते धरून चालतं. ही रचना मला फार सुंदर वाटते. प्रोग्रामला फाइल कुठे आहे हे माहीत असावं लागत नाही, फक्त नाव पुरतं. पण म्हणूनच कंपायलर अडला की कंपायलरला हात लावू नका. आधी नुसतं ‘असाइन’ टाइप करा, यादी वाचा. दहा अडचणींतल्या सात-आठ मला तिथेच सापडल्या आहेत.

पाच मिनिटांची चिठ्ठी आली. बरं, भराभर.

स्टॅक, म्हणजे प्रोग्रामची तात्पुरती कामाची जागा. सीएलआय प्रोग्रामला 4000 बाइट देतं. मोठी फाइल कंपाइल करताना ते पुरत नाही, आणि अमिगाच्या 68000 प्रोसेसरवर मेमरीला कुंपण नसल्यामुळे प्रोग्राम शेजारच्या जागेत लिहीत सुटतो. मग लाल चौकटीत गुरू मेडिटेशन, म्हणजे मशीन कोसळल्याची सूचना. कंपायलरआधी त्याच खिडकीत ‘स्टॅक 20000’ लिहा. दुसऱ्या खिडकीत लिहिलेलं इथे लागू होत नाही.

फेलॲट. कमांड संपताना आकडा देते: 5 म्हणजे इशारा, 10 म्हणजे चूक, 20 म्हणजे पूर्ण अपयश. मर्यादा मुळात 10 असते, त्यामुळे 10 किंवा वर गेलं की स्क्रिप्ट (ओळीने लिहून ठेवलेल्या कमांडींची फाइल) थांबते. चुकांसकट सगळ्या फाइली एकदा फिरवून बघायच्या असतील, तर स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘फेलॲट 21’ टाका. आणि शेवटची ‘फेल्ड रिटर्नकोड 20’ ही ओळ वाचत बसू नका, खरं कारण तिच्या वर आहे.

मागच्या टेबलावर मशीन चालू ठेवलंय, मुद्दाम वर्कबेंचच्या डिस्कवरून. कंपायलर चालवून बघा, चौकट येईल. कोरी डिस्क शेजारीच आहे.