द्रेरोस: एकदा खुर्ची सोडली की दहा वर्षं लांब

नमस्कार मंडळी! क्रीटच्या व्हिडिओखाली तुम्ही एकच धोशा लावलाय, 'त्या द्रेरोसच्या दगडावर बोला.' चला, बोलूया.

द्रेरोस म्हणजे एक प्राचीन ग्रीक नगर. ठिकाण पटकन सांगते. क्रीट बेटाचा पूर्व भाग, नेआपोलीजवळचे दोन डोंगर, मधल्या खिंडीत चौक आणि अपोलोचं छोटंसं देऊळ. १९३५ मध्ये तिथे ब्राँझचा पत्रा ठोकून घडवलेल्या तीन मूर्ती मिळाल्या, त्या आता हेराक्लिओनच्या संग्रहालयात आहेत.

आता दगड. देवळाला लागून पाण्याचं टाकं आहे, त्यात कोरीव दगड सापडले. त्यातला एक इ.स.पूर्व ६५० च्या सुमाराचा, ग्रीकांच्या सगळ्यात जुन्या कायद्यांपैकी. मजकूर जेमतेम, पण काय खणखणीत! 'नगराने ठरवलं: एकदा कोस्मोस झालेल्या माणसाने दहा वर्षं पुन्हा कोस्मोस व्हायचं नाही.' कोस्मोस म्हणजे नगराचा मुख्य अधिकारी. तरी झालाच, तर त्याने निवाड्यांत जी रक्कम ठरवली त्याच्या दुप्पट त्यानेच भरायचं, जन्मभर पद नाही, आणि त्याचा कारभार रद्द.

यावर दर वेळी कमेंट येते: 'जगातली पहिली लोकशाही!' अहो, दगडात तसं कुठे आहे? कोस्मोस कोणी व्हावं, यावर त्यात अवाक्षर नाही. तोच माणूस परत कधी येईल, एवढंच आहे. बरं, शिक्षा बघा. निवाड्याच्या दुप्पट, म्हणजे रोख थेट खुर्चीला चिकटणाऱ्यावर. दगडावर शेवटी शपथ घेणारेही सांगितलेत. ती कोणी घ्यायची? कोस्मोस, दामिओई (बहुधा नगराचे आणखी काही अधिकारी) आणि नगरातले वीस जण. म्हणजे पदावरचीच मंडळी! मला तर हे वजनदार लोकांनी एकमेकांना घातलेलं वेसण वाटतं, आणि म्हणूनच हा दगड मला इतका आवडतो. राजाचं नाव नाही, ठरवणारं नगर.

एकाने लिहिलंय, 'आमच्या सोसायटीच्या चेअरमनला दाखवतो.' जरूर दाखवा, दुखणं तेच आहे.

आणि कृपा करून यात ती तरुणांची शपथ मिसळू नका! ती याच गावची, पण कित्येक शतकांनंतरची. १८० तरुण शेजारच्या लित्तोस नगराशी कायमचं वैर धरण्याची शपथ घेतात. त्याच दगडावर प्रत्येकाने ऑलिव्हचं एक झाड लावून वाढवायचं असंही आहे. हयगय केली तर ५० स्टेटर (ग्रीक नाणी) दंड. त्यावर पुढच्या वेळी सविस्तर बोलू.