‘एकच प्याला’वर काही आहे का?

नमस्कार श्रोतेहो.

आषाढातली संध्याकाळ होती. ठाण्यातल्या एका सार्वजनिक ग्रंथालयात मी तेव्हा देवघेवीच्या टेबलावर बसायचे. एक मुलगी ओली छत्री दाराशी उभी करून आत आली. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. म्हणाली, ‘मॅडम, ‘एकच प्याला’वर काही आहे का?’ मी लगबगीने नाटकाची प्रत काढून तिच्या पुढ्यात ठेवली. ती जरा संकोचली. ‘नाटक वाचलंय मी. त्याच्यावर कुणी काय लिहिलंय, ते हवं होतं.’

संगणकात नाटकाचं नाव घातलं, तर नाटकाच्याच चार प्रती दिसल्या. समीक्षेचं एकही पुस्तक नाही. मुलीचा चेहरा उतरला. पुढे कित्येक वर्षं हाच चेहरा मी पाहत आले, म्हणून आज हे बोलायचं ठरवलं. समीक्षा ग्रंथालयात असते. फक्त ती नाटकाच्या नावाने बसलेली नसते.

ती बसते नाटककाराच्या नावाने. त्या दिवशी शोधाच्या चौकटीत मी ‘गडकरी, राम गणेश’ असं घातलं आणि वि. स. खांडेकरांचं ‘गडकरी : व्यक्ति आणि वाङ्मय’ समोर आलं. आमच्याकडे ते होतं चरित्रांच्या कपाटात. नाटकांच्या कपाटापुढे तास काढला असता तरी ते हाती लागलं नसतं. शेजारीच गणपतराव बोडसांचं ‘माझी भूमिका’ होतं. बोडस म्हणजे रंगभूमीवरचे पहिले सुधाकर, या नाटकाचे नायक, आणि त्यांच्यासमोर सुधाकराची बायको सिंधू होते बालगंधर्व. नटाचं आत्मचरित्र म्हणजे समीक्षा नव्हे, असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. भूमिका अंगावर घेऊन उभा राहिलेला माणूस नाटकाबद्दल जे सांगतो, ते आरामखुर्चीतून सुचत नाही.

मग बांधीव अंक. जुन्या मासिकांचे वर्षावर्षाचे खंड बहुतेक मोठ्या ग्रंथालयांत असतात, धूळ झटकून मागावे लागतात एवढंच. यात साल मनात ठेवलं की काम निम्मं होतं. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी गेले आणि ‘एकच प्याला’ त्यांच्या पश्चात त्याच वर्षी रंगमंचावर आलं. त्यांचा जन्म १८८५ चा, म्हणजे जन्मशताब्दी १९८५ ला. शताब्दीच्या आसपास मासिकं लेख मागवतात, विशेषांक काढतात. म्हणून मी तिला १९८५ आणि त्याच्या अलीकडचे-पलीकडचे खंड काढून दिले. खंड उघडला की प्रत्येक अंकाची अनुक्रमणिका आधी वाचायची, पानं चाळत बसायचं नाही. जुना कागद दुमडला की तुटतो.

अजून एक वाट, तीही फुकटची. मराठी विश्वकोशात नोंदीच्या शेवटी संदर्भांची नावं असतात. ती वहीत उतरवून घेऊन आलात, तर टेबलामागच्या माणसाचंही काम सोपं होतं. जुन्या पुस्तकाचा ठावठिकाणा हवा असेल, तर शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ आहे. तिच्या पहिल्या खंडात १८०० ते १९३७ पर्यंतची पुस्तकं आहेत. आणि ठाणेकरांनो, आपल्या गावात १८९३ पासून मराठी ग्रंथ संग्रहालय आहे. ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे त्याच्या संस्थापकांतले. तलावपाळीवर ज्या नाट्यगृहात आपण प्रयोग पाहतो, त्याच्यावर गडकऱ्यांचंच नाव आहे. इथे गडकऱ्यांवरचं लेखन शोधायला मुंबईला धावू नका, आधी इथेच विचारा.

विचारताना मात्र प्रश्न घेऊन या. ‘काही आहे का’ एवढंच ऐकलं की आम्ही अख्खं कपाट दाखवतो. त्या मुलीला मी विचारलं, ‘तुला नेमकं काय खटकलंय?’ ती क्षणभर गप्प राहिली, मग भडभडून बोलली. सुधाकराची वकिलीची सनद सहा महिन्यांसाठी जाते, दुःख विसरायला दारुडा तळीराम दारूचा पहिला प्याला हातात देतो, इथपर्यंत तिला सुधाकर कळत होता. सिंधू कळत नव्हती. नवऱ्याने सारं धुळीला मिळवल्यावरही, मरताना त्यालाच वाचवणारी बाई. ‘हिला पतिव्रता म्हणून नमस्कार करायचा, की लिहिणाऱ्यावर चिडायचं?’ या एका वाक्याने आमचं शोधकाम बदललं. आता आम्ही गडकरी शोधत नव्हतो, सिंधू शोधत होतो. निबंधसंग्रहांच्या अनुक्रमणिका, नाटकातल्या स्त्रियांवरचे लेख, नाटकाच्या आवृत्त्यांना जोडलेल्या प्रस्तावना. प्रस्तावना लोक उलटून पुढे जातात, पण वाद पुष्कळदा तिथेच लपलेला असतो.

एक विनंती मनापासून. समीक्षा आधी वाचू नका. आधी नाटक वाचा, आपलं मत पेन्सिलीने वहीच्या पहिल्या पानावर लिहा, मग दुसऱ्याचं वाचा. नाहीतर परीक्षेच्या पेपरात तुमच्या अक्षरात दुसरंच कुणीतरी बोलतं.

ती मुलगी पुस्तकं परत करायला पंधरा दिवसांनी आली. वहीची सात-आठ पानं भरलेली. पुस्तकांवर शिक्का मारत होते, तेवढ्यात तिने विचारलं, ‘मॅडम, सगळे सिंधूवर लिहितात. तळीरामाची बायको गीता तिच्यासारखी मुकाट सोसत नाही, तोंडावर बोलते. तिच्यावर कुणी लिहिलंय का?’

मी शिक्का बाजूला ठेवला आणि तिच्याबरोबर कपाटांकडे गेले.