तुमची जागा जाते का?

(सोलापुरातल्या एका व्याख्यानमालेतील भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, अध्यक्षांनी माझी ओळख करून देताना 'सायकलप्रेमी' म्हटलं. प्रेमबिम काही नाही. मला स्कूटर येत नाही. एकदा शिकायला गेलो होतो, कंबर तलावाच्या रस्त्याला, मागे मेव्हणा बसला होता. आम्ही तलावात गेलो नाही एवढीच सिद्धेश्वराची कृपा. मेव्हणा अजून माझ्याशी तुटक बोलतो. तेव्हापासून सायकल आहे ती आहे. बाहेर झाडाखाली लावलीय, कुलूप नाही. दहा वर्षांत तिला कुणी हात लावला नाही. आपलं शहर किती प्रामाणिक, असं मी परवा घरी म्हणालो, तर नातू म्हणतो, आजोबा, आधी सायकल बघा की.

पत्रिकेवर विषय छापलाय 'चालणं, सायकल आणि नियोजनातला लोकसहभाग'. मी संयोजकांना फोनवर म्हणालो होतो, मी हरकतींवर बोलतो. ते म्हणाले, सर, 'हरकत' छापलं तर लोकांना वाटेल व्याख्यानालाच कुणाची तरी हरकत आहे. असो. मुद्दे तीन आहेत. रस्ता करताना लोकांना कधी विचारायचं, कुठं विचारायचं आणि कुणाला विचारायचं. तिन्ही सांगणार. घड्याळ काढून समोर ठेवलंय.

आधी तो शब्द घेऊ. पेपरात आतल्या पानावर, टेंडरांच्या शेजारी, मुंग्या चालल्यासारख्या अक्षरांत जाहीर सूचना येते: 'हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत.' आधी हरकती, मग सूचना. नागरिक येणार म्हणजे भांडायलाच येणार, हे लिहिणाऱ्याने धरलेलंच असतं. त्याचं तरी काय चुकलं? महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966. त्याचं कलम 26 बघा. शहराच्या विकास आराखड्याचं प्रारूप तयार झालं की प्रसिद्ध करायचं आणि 30 दिवसांत हरकती-सूचना घ्यायच्या. मग कलम 28 खाली नियोजन समिती बसते. स्थायी समितीतले तीन सदस्य आणि बाहेरचे जास्तीत जास्त चार जाणकार. ते ऐकतात, अहवाल देतात, आराखडा पुढे सरकारच्या मंजुरीला जातो. हा आराखडा साधारण वीस वर्षांचा. वीस वर्षांच्या गोष्टीवर बोलायला तीस दिवस, आणि त्यातला पहिला आठवडा नकाशा कुठल्या मजल्यावर लावलाय हे शोधण्यात जातो. म्हणजे स्थळ बघून झालं, हॉल घेतला, पत्रिका वाटल्या आणि मग मुलीला विचारलं, बाई, तुझी काही हरकत? (बायकांच्या बाजूला जरा जास्त हसू आलं. नोंद घेतो.)

आणि हे झालं आराखड्याचं. त्यात रस्ता म्हणजे नुसती रुंदीची रेघ. 18 मीटर, 24 मीटर. त्या 24 मीटरमध्ये चालणाऱ्याला किती, दुभाजक कुठे तोडायचा, विजेची डीपी नेमकी फुटपाथच्या मधोमध का बसवायची, हे सगळं पुढे कामाच्या ड्रॉइंगमध्ये ठरतं. ते ड्रॉइंग कुणी भिंतीवर लावत नाही. चालणाऱ्याचं आयुष्य मात्र त्याच कागदावर असतं.

आता माझी गोष्ट. कार्यालय कुठलं ते विचारू नका. आपल्याकडचे रस्ते चार-पाच खात्यांत वाटलेले आहेत, त्यातलं एखादं धरा. पूर्व भागातला एक रस्ता. (मागून कुणीतरी नाव सांगितलं. मला ऐकू आलं नाही.) एका अंगाला विडी कामगारांची वस्ती, दुसऱ्या अंगाला कारखान्याची ब्रँच. बायका रोज वळलेल्या विड्या डोक्यावरच्या पाटीत घेऊन ब्रँचला जातात, तिथे देतात, पान-तंबाखू घेऊन परत येतात. पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. मग रस्ता रुंद झाला. चांगलं झालं, मी रुंदीकरणाच्या विरुद्ध नाही. मधे दुभाजक आला आणि ब्रँचसमोर जी मोकळी फट होती ती बुजवली. का? तर गाड्यांचा वेग मोडतो. आता पलीकडे जायचं तर पुढच्या चौकापर्यंत चाला, वळा, तेवढंच परत या. मी तीस वर्षं पोरांना मोजणी शिकवलीय, सवयीनं टेप टाकला. साडेसहाशे मीटर. सरळ ओलांडलं तर चोवीस.

बायका काय करतात ते तुम्हाला माहीत आहे. दुभाजकावर चढतात. आधी पाटी उतरवून वर ठेवायची, मग साडी आवरायची, मग एक पाय. पलीकडून ट्रक.

मी ठरवलं, आकडेवारी काढायची. समोरच्या चहाच्या टपरीवर सकाळी नऊला बसलो, खिशात भाजलेल्या शेंगा. दहा बायका ओलांडून गेल्या की एक शेंग उजव्या खिशातून डाव्या खिशात. पद्धत शास्त्रीय होती. अडचण एवढीच झाली की खिसा भरला म्हणून डाव्या खिशातल्या शेंगा मी टेबलावर काढून ठेवल्या आणि टपरीवरच्या पोराला वाटलं, सरांनी आपल्यासाठी ठेवल्यात. अकरा वाजता माझी सगळी आकडेवारी त्याच्या पोटात होती. दुसऱ्या दिवशी वहीत रेघा मारल्या. पहिल्याच दिवशी मारायच्या होत्या, पण माणूस निवृत्त झाला की त्याला नवं काहीतरी करावंसं वाटतं.

अर्ज केला. तीन प्रती, सोबत आलेख कागदावर शाईनं काढलेला नकाशा, आवक शिक्का. चार महिन्यांनी बोलावणं आलं. मे महिना, दुपारचे तीन. सोलापूरचा मे मी तुम्हाला सांगायला नको, चौकात त्या वेळी कुत्रंसुद्धा नसतं. कार्यालयाच्या बाकावर मात्र गर्दी. सगळ्यांच्या हातात उतारे, प्रॉपर्टी कार्डं, वकील. माझ्या हातात रेघांची वही.

टेबलापलीकडे बघतो तर माझाच विद्यार्थी. गुणी पोरगा, अक्षर सुंदर. उभा राहिला, "सर, तुम्ही? बसा, बसा." पाणी मागवलं. मग रजिस्टर उघडलं आणि विचारलं, "सर, तुमची जागा जाते का?"

म्हटलं, नाही.

"बांधकाम जातंय?"

नाही.

"मग कुणाचं मुखत्यारपत्र आणलंय का?"

कुणाचं आणू? तिथल्या बायकांची जागाच नाही तर त्या मुखत्यारपत्र कशाचं देणार?

तो बिचारा अवघडला. "मग सर, हरकत कशाची लिहू?" त्यानं रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. रकाने असे: अर्जदाराचं नाव, सिटी सर्व्हे नंबर, बाधित क्षेत्र चौरस मीटरमध्ये, गोषवारा. खूप विचार करून त्यानं माझ्या नावापुढे बाधित क्षेत्राच्या रकान्यात सुंदर अक्षरात लिहिलं, 'निरंक'.

मला खरं उत्तर जिना उतरताना सुचलं. परत वर जाऊन सांगावं असं वाटलं, पण गुडघा नको म्हणाला. म्हणून आज तुम्हाला सांगतो. ज्याची जागा जाते त्याच्यासाठी रकाना आहे. ज्याची वाट लागते त्याच्यासाठी नाही.

पुढे? अर्ज निकाली निघाला, तसं पत्रही आलं. पावसाळ्यात दुभाजकावर शोभेची झाडं लावली. बायका आता झाडातून चढतात.

शेरी अर्नस्टीन नावाच्या अमेरिकन बाईंनी 1969 साली लोकसहभागाची एक शिडी मांडली. आठ पायऱ्या. वरच्या पायरीवर लोकांच्या हातात खरा अधिकार, खालच्या दोन पायऱ्यांवर सहभागाचा नुसता देखावा. विचारणं, समजूत घालणं, पाणी मागवणं हे सगळं मधल्या पायऱ्यांवर. पाणी मागवणं मी घातलंय, बाईंच्या यादीत नाही. आपलं शहर 2016 च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आलं, तेव्हाही मतं मागवली होती. ती कुठल्या पायरीवर धरायची ते तुम्ही ठरवा.

आता तुम्ही म्हणाल, सर, चालणाऱ्याचं आपल्याकडे कुणी ऐकतच नाही. ऐकतात की! दर जानेवारीत ऐकतात, आणि इथे माझा आवडता मुद्दा येतो, तेव्हा पाच मिनिटं जास्त द्या.

गड्ड्याची यात्रा, आपल्या सिद्धेश्वराची. संक्रांतीच्या आधी नंदीध्वज मार्गाची, म्हणजे देवाच्या उंच काठ्या मिरवत नेतात त्या वाटेची, पाहणी होते. मानकरी असतात, देवस्थानची मंडळी असतात, इंजिनिअर, वीजवाले, पोलीस. बाळीवेशीतल्या हिरेहब्बू वाड्यापासून निघणारी ती वाट. इथं खड्डा आहे, इथली केबल लोंबतेय, ही फांदी ध्वजाला लागते, या बोळात ड्रेनेजचं झाकण वर आलंय. साहेब लिहून घेतात आणि यात्रेच्या आधी बरंचसं होतंही. कलम नाही, तीस दिवस नाहीत, सिटी सर्व्हे नंबर नाही. आजवर कुठल्याही मानकऱ्याला कुणी विचारलं नाही, तुमची जागा जाते का? बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी या गावाभोवती 68 लिंगं स्थापली. यात्रेत तैलाभिषेकाच्या दिवशी त्या लिंगांची प्रदक्षिणा होते, म्हणजे दरवर्षी एकदा अख्खं जुनं गाव पायानं मोजून निघतं. माझ्या खात्यातल्या माणसाला याहून चांगला सर्व्हे कुठला दाखवू?

आणि ते का ऐकतात, यावर मी पुष्कळ विचार केलाय. भक्ती आहेच. पण बाराबंदी घातलेला तो माणूस कमरेच्या पट्ट्यात एवढी उंच काठी तोलतो तेव्हा त्याला खाली बघता येत नाही. म्हणून रस्ता सपाट हवा, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मग मला ती ब्रँचकडे जाणारी बाई आठवते. डोक्यावर पाटी. तिलाही खाली बघता येत नाही. काखेत लेकरू असलेल्या आईला येत नाही. मोतीबिंदू झालेल्या माझ्या शेजाऱ्याला बघूनही दिसत नाही. या सगळ्यांचा नंदीध्वज रोजच चाललेला असतो.

चिठ्ठी आली. 'सात मिनिटे.' अक्षर अध्यक्षांचं आहे, तेही माझे विद्यार्थी, पण यांचं अक्षर कधी सुधारलं नाही.

तर तीन मुद्दे, पळत पळत.

कधी विचारायचं? टेंडरच्या आधी. कागदावर विचारू नका, लोकांना ड्रॉइंग वाचता येत नाही आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. चुन्याची फक्की घ्या, नवा फुटपाथ, दुभाजक, ओलांडायची जागा रस्त्यावरच आखा आणि आठ दिवस ठेवा. चूक कुठे आहे ते लोकांचे पायच दाखवतील. इंडियन रोड्स काँग्रेसचं पादचाऱ्यांसाठीचं मार्गदर्शन आहे, आयआरसी 103. त्यात चालायला कमीत कमी 1.8 मीटर मोकळी रुंदी सांगितलीय, कडेचा दगड 150 मिलिमीटरहून उंच नको म्हटलंय. घरी जाताना बाहेरचा फुटपाथ बघा. काही ठिकाणी चढायला खांदा लागतो.

कुठं विचारायचं? रस्त्यावर, चालत, ज्या वेळी तिथं माणसं असतात त्या वेळी. यंत्रमागाची पाळी सुटते तेव्हा अक्कलकोट रोडला उभे राहा, म्हणजे सायकलीला काय लागतं ते कळेल. (सायकलीचं बोलायचं राहतंय, मला कळतंय.) आपण सायकल म्हटलं की तलावाभोवतीचा सकाळचा व्यायाम धरतो. रात्री पाळीवरून येणाऱ्याला गुळगुळीत ट्रॅकपेक्षा चालू दिवा हवा असतो आणि गटाराच्या जाळीत चाक अडकायला नको असतं. 2011 च्या जनगणनेत देशातल्या शेतीबाहेर काम करणाऱ्यांपैकी शंभरातले बावीस-तेवीस चालत आणि तेरा सायकलवर कामाला जात होते. तिथं आकडेवारी शेंगांवर मोजलेली नाही, ती टिकली. आणि 2022 या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर 32,825 पादचारी मेले. हा आकडा घाईत सांगायचा नव्हता.

कुणाला विचारायचं? ज्याची जागा जात नाही त्याला. फेरीवाल्यांच्या 2014 च्या कायद्यात शहर फेरीवाला समितीवर किमान 40 टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांचेच असावेत असं लिहिलंय. चालणाऱ्यांसाठी असं एकही टेबल नाही. हा माझा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा होता, त्याला दीड मिनिट उरलंय. 74 व्या घटनादुरुस्तीनं तीन लाखांवरच्या शहरांना प्रभाग समित्या दिल्या, 2009 साली राज्याच्या कायद्यात क्षेत्र सभा, म्हणजे प्रभागातल्या मतदारांच्या सभाही आल्या. तुमच्यापैकी किती जण क्षेत्र सभेला गेलेत? हात वर करा. (एकही नाही. ते काका पंखा बंद करा म्हणतायत.) 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर काही वर्षं तर विचारायला नगरसेवकही नव्हते. पुण्यात 2006 पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी प्रभागातली कामं मागवतात, ते इथं मागायला काय हरकत आहे? आणि सूचना नुसत्या मराठीत नकोत. पूर्व भागात तेलुगू, कुठे कन्नड, कुठे उर्दू, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी रिक्षावरचा भोंगा. लसीकरणाचं सांगायला भोंगा फिरतो, रस्त्याचं सांगायला फिरवा. सर्वोच्च न्यायालयानं 2025 च्या मे महिन्यात सांगितलंय की फुटपाथ वापरण्याचा पादचाऱ्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम 21 मध्ये, जगण्याच्या हक्कात येतो. त्याचा रकाना रजिस्टरमध्ये कधी येतो ते बघू. नेदरलँड्सचं सांगणार होतो, तिथंही सत्तरच्या दशकात लेकरं गाडीखाली जाऊ लागली तेव्हा आईबाप रस्त्यावर बसले, सायकलचे रस्ते आभाळातून पडले नाहीत. पण ते राहू दे.

दुसरी चिठ्ठी आलीय. ही मी वाचत नाही.

शेवटचं. येत्या रविवारी सकाळी सात वाजता मी त्या दुभाजकापाशी उभा असणार आहे, टेप आणि फक्कीची पिशवी घेऊन. माझा तो विद्यार्थीही येतो म्हणालाय, सुट्टीच्या दिवशी, रजिस्टर न घेता. पाच-सहा जण आलात तर वस्तीपासून ब्रँचपर्यंत बायकांबरोबर चालू, त्या म्हणतील तिथं रेघ मारू. शेंगा मी आणतो, मोजायला कुणीतरी वही आणा. आणि ज्यांच्याकडे रविवारी पाणी येणार आहे त्यांनी पाणी भरून सावकाश आठला या.