पदराची उलटी बाजू

पैठणीची पारख तिच्या उलट्या बाजूवरून होते. येवल्याच्या हातमागावर विणलेला हा पदर आपण आता उलटा करून पाहत आहोत. पोपटाची चोच, बांगडीच्या गोलात बसलेले मोर, असावलीची वेल हे सारे इकडेही जसेच्या तसे उमटले आहे आणि लोंबणारा धागा कुठेही नाही.

याचे कारण विणण्याच्या रीतीत आहे. साध्या कापडात धोटा बाणा, म्हणजे आडवा धागा, घेऊन या काठापासून त्या काठापर्यंत सरळ जातो. पैठणीच्या पदरात मात्र नक्षीतल्या प्रत्येक रंगाला, आणि तो रंग जितक्या ठिकाणी येतो तितक्या ठिकाणी, रेशमाचा धागा गुंडाळलेली वेगळी कांडी लागते. विणकर ताण्याचे, म्हणजे उभे, धागे मोजतो, ठरलेल्या धाग्यापर्यंतच ती कांडी नेतो, तेथे शेजारच्या रंगाच्या धाग्यात तिचा धागा अडकवतो आणि कांडी मागे फिरवतो. अशी एक ओळ पुरी झाली की फणी ठोकायची आणि पुन्हा पहिल्या कांडीपासून सुरुवात करायची. पदर भरगच्च असेल तर एका साडीला सहा महिने लागतात, कधी वर्षही जाते.

नाव पैठणचे असले तरी या विणकामाचे मोठे केंद्र आज नाशिक जिल्ह्यातील येवले हे आहे. ही कला थेट सातवाहनांच्या काळातील असल्याचे जाहिराती बेधडक सांगतात. पहिल्या शतकातील ग्रीक व्यापारवृत्तांत मात्र भडोचच्या बंदरात पैठणहून मौल्यवान दगड आणि तगरहून, म्हणजे आजच्या तेरहून, कापड येत असल्याचे नोंदवतो. पेशवाईत पैठणच्या वस्त्रांना असलेली मागणी पुरेशी बोलकी आहे. या कलेला दोन हजार वर्षांची पुस्ती जोडण्याची गरज नाही.

धोका आहे तो नकलेचा. यंत्रमागावर जॅकार्ड या नक्षी विणणाऱ्या जोडयंत्राच्या साह्याने तोच मोर थोड्या वेळात निघतो, पण नक्षीत न आलेले धागे मागच्या बाजूला मोकळे राहतात किंवा कापावे लागतात. काही वस्त्रप्रकार हातमागासाठी राखून ठेवणारा कायदा १९८५ मध्ये झाला आणि त्यात साडीचा समावेश आहे. पैठणीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. तरीही दोन्ही साड्या ‘पैठणी’ याच नावाने शेजारी-शेजारी मांडल्या गेल्या की गिऱ्हाईक किंमत पाहते, आणि सहा महिन्यांची मजुरी त्या तुलनेत टिकत नाही. २०१९-२० च्या हातमाग गणनेत देशभरात ३५ लाखांहून अधिक कामगार नोंदले गेले आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे ७२ टक्के होते. विणकराच्या घरात कांड्या भरण्याचे काम बहुधा त्याच करतात. साडीच्या किमतीत या कामाचा वेगळा हिशेब क्वचितच लागतो.

दुकानात साडी प्लास्टिकच्या पिशवीत, नक्षीची सुलट बाजू वर ठेवून घडी केलेली असते. उलटी बाजू पाहायची तर घडी मोडायला सांगावे लागते.