गडद निळा: एक भिंत की अख्खी खोली?

तर विषय दिलाय घरात नेव्ही ब्लू कुठे आणि कसा लावायचा, त्यावर येतोच, पण आधी माझं एक जुनं दुखणं ऐकून घ्या, कारण इथल्या निम्म्या लोकांच्या घरी ते असणारच. ती एक भिंत! टीव्हीमागची. बाकी तीन ऑफ-व्हाइट आणि ही एकटी निळी. हसू नका, हात वर करायला लावीन.

आमच्या एका नातेवाइकांना (नाव सांगत नाही, त्यांच्याकडे पुन्हा जायचंय) अख्खी खोली निळी हवी होती. मग जो येईल तो सल्ला देऊन जातोय, खोली लहान दिसेल, अंधार होईल, मन उदास होईल, आणि हे सांगणाऱ्याच्या स्वतःच्या घरात सगळीकडे तोच बिस्किटी रंग. शेवटी तडजोड म्हणून एक भिंत निळी. आता होतं काय, कोपऱ्यात गडद आणि फिकट भेटतात तिथे सुरीने कापल्यासारखी रेघ दिसते, आत पाऊल टाकलं की नजर आधी तिथेच जाते आणि खोली केवढीशी आहे ते लगेच कळतं. चारही भिंती निळ्या केल्या असत्या तर कोपऱ्यातल्या सावल्या रंगातच मुरल्या असत्या, भिंत कुठे संपली हे पटकन समजलंच नसतं.

अंधाराचं म्हणणं खोटं नाही हां. शेडकार्डवर बऱ्याचदा एलआरव्ही म्हणून आकडा असतो, रंग किती उजेड परत फेकतो ते सांगणारा, 0 म्हणजे सगळा उजेड गिळला, 100 म्हणजे सगळा परत दिला. स्वच्छ पांढरा 80 च्या वर असतो, नेव्ही साधारण 10 च्या खाली. पण ज्या खोलीत मुळात उजेडच येत नाही तिथे पांढरा तरी काय परत देणार, तो मळकट राखाडी दिसतो. अशीच खोली निळी करा म्हणतोय मी!

दहा मिनिटं राहिली म्हणतायत, म्हणजे ज्यासाठी बोलावलं ते आता पळत पळत. नेव्हीचा डबा डीप बेसमध्ये, म्हणजे गडद रंगांसाठीच्या मूळ रंगात, बनतो, त्यात टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे खालचं झाकणारी पांढरी भुकटी, अगदी कमी, म्हणून खालचं झाकायला दोन हात बऱ्याचदा पुरत नाहीत. खाली राखाडी प्रायमर मारायला सांगा, पेंटर सवयीने पांढराच मारतो. ग्लॉसमध्ये पुट्टीचा प्रत्येक उंचवटा दिसतो, एकदम मॅट घेतला तर हात घासतो तिथे चकाकी येते, त्यामुळे वावराच्या जागी मधलं सॅटिन बरं. भिंत अर्धी सोडून चहाला जायचं नाही, कड वाळली की पट्टा उमटतो. नंतर ओरखडा पडला तर तेवढ्याच जागी बोळा फिरवू नका, ठिगळ दिसतं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मारा. आणि बल्ब! 2700 केल्विनच्या पिवळ्या उजेडात निळा भाग मुळातच कमी, भिंत काळी वाटते आणि शिव्या रंगाला बसतात. 3500-4000 केल्विनचा घ्या, सीआरआय, म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात तो आकडा, 90 च्या पुढचा. नमुना मोठ्या पुठ्ठ्यावर रंगवून सकाळी बघा, रात्रीही बघा, काडीएवढ्या शेडकार्डवरून काही ठरवू नका.

काय? छत? छतही निळंच, नाहीतर ती रेघ तिकडून वर चढते. भीती वाटत असेल तर संडासापासून सुरुवात करा, तिथे कोणी फार वेळ बसत नाही... मोबाइलवाले सोडून.