बाकावर बसलेला एजंट

श्रोतेहो, नमस्कार. मी शाळेत शिकवायचे, आता रिटायर झालेय, आणि नोकरीत असताना दर निवडणुकीला ड्युटी लागायचीच, शेवटी शेवटी तर केंद्राध्यक्ष म्हणूनच. आज ईव्हीएमबद्दल बोलायचंय. मशीन चांगलं की वाईट यावर सगळीकडे इतकं बोलून झालंय की मी त्यात भर घालणार नाही, मला त्या मशीनजवळ बसणाऱ्या माणसाबद्दल बोलायचंय.

७ मे २०२४, लोकसभेचं मतदान. देवगड तालुक्यातल्या एका वाडीतली कौलारू शाळा, आम्ही आदल्या संध्याकाळीच पेट्या घेऊन पोचलेलो, रात्री बाकं जोडून झोपलो, म्हणजे पडलो, झोप कुठली येतेय त्या उकाड्यात. पहाटे साडेपाचला मॉक पोल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मतदान सातला सुरू होतं पण त्याच्या दीड तास आधी एजंटांच्या, म्हणजे उमेदवारांनी बूथवर बसवलेल्या माणसांच्या, समोर खोटं मतदान घेऊन मशीन तपासायचं असतं, किमान ५० मतं टाकायची, नोटासकट प्रत्येक बटण दाबून बघायचं, मग क्लोज दाबायचं, रिझल्ट दाबायचं, व्हीव्हीपॅटमधल्या, म्हणजे मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्रातल्या, चिठ्ठ्या काढून मोजायच्या, दोन्ही आकडे जुळले की क्लिअर दाबून सगळं पुसायचं. क्लोज, रिझल्ट, क्लिअर, आम्ही त्याला सीआरसी म्हणतो, ट्रेनिंगमध्ये इतक्या वेळा सांगतात की झोपेतसुद्धा म्हणू.

तर ते सगळं नीट झालं. चिठ्ठ्यांच्या मागे मॉक पोलचा शिक्का मारायचा असतो, तोही मारत बसलो होतो, काळं पाकीट समोर उघडं, आणि पावणेसातच्या सुमारास एका उमेदवाराचा एजंट धावत आला. गाडी पंक्चर झाली म्हणाला, मला पण मशीन बघायचंय. त्याचं म्हणणं बरोबरच होतं, म्हणून मी त्याला चार मतं टाकायला दिली, त्याने चिठ्ठ्या काचेतून बघितल्या, समाधान झालं, जाऊन बसला. बाहेर रांग लागली होती, म्हाताऱ्या बायका पदर डोक्यावर घेऊन उभ्या होत्या, माझं लक्ष घड्याळाकडे, आणि मी हिरवा कागदी सील हातात घेतला.

बाकावर एक काका बसले होते, एजंटच, सत्तरीच्या पुढचे, हातात शाळकरी पोरांची असते तसली शंभर पानी वही. ते हळूच म्हणाले, "बाईनू, ती मागसून टाकलेली चार मतां पुसलात मा?"

मी थांबले. खरं सांगते, हातपाय गार पडले. टोटलचं बटण दाबलं, डिस्प्लेवर आलं ४.

मशीनची त्यात काही चूक नाही, मशीनने सांगितलं तेच केलं, त्या चार मतांनंतर मी क्लोज दाबलंच नव्हतं त्यामुळे ते पुढची मतं घ्यायला तयार बसलं होतं. परत सीआरसी केली, चार चिठ्ठ्या बाहेर काढल्या, शिक्के मारून पाकिटात घातल्या, टोटल शून्य आली ती सगळ्यांना वाकून बघायला लावली आणि मग सील. सातला एखाद मिनिट कमी असेल.

आता विचार करा ती चार मतं आत राहिली असती तर. संध्याकाळी रजिस्टरमध्ये सह्या एवढ्या आणि मशीनमध्ये त्याच्यापेक्षा चार जास्त. गावात दुसऱ्या दिवशी काय बोललं गेलं असतं, बाईंनी चार मतं घुसवली. आणि कोणाला दोष द्यायचा, त्यांच्याकडे आकडा होता की. असं प्रत्यक्षात घडलेलं आहे, २०१९ ला आंध्रप्रदेशात मैदुकूर मतदारसंघातल्या एका बूथवर मॉक पोलची मतं पुसायची राहिली होती आणि मोजणीत मशीनचा आकडा आणि चिठ्ठ्या जुळल्या नाहीत, तो किस्सा थेट सुप्रीम कोर्टातल्या सुनावणीपर्यंत गेला. एक बटण दाबायचं राहिलं, एवढंच.

आपल्याकडे हॅक हा शब्द फार सहज वापरतात. मला कॉम्प्युटरमधलं फार कळत नाही, पण जेवढं कळलं तेवढं सांगते. मशीन बॅटरीवर चालतं, त्याला लाईटची वायर नाही, नेटची नाही, मतं साठवणारं कंट्रोल युनिट आपल्या टेबलावर आणि बटणांचं बॅलट युनिट त्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे, मध्ये केबल. भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि हैदराबादची ईसीआयएल अशा दोन सरकारी कंपन्या ते बनवतात. मग धोका कुठे आहे, तर जिथे माणसाचा हात पोचतो तिथे. २०१० मध्ये हरी प्रसाद नावाच्या हैदराबादच्या इंजिनियरने, ॲलेक्स हाल्डरमन आणि रॉप गोन्ग्राइप या परदेशी तज्ज्ञांबरोबर आपलं एक ईव्हीएम उघडून दाखवलं होतं, डिस्प्लेच्या जागी हुबेहूब दिसणारा दुसरा डिस्प्ले बसवला की आकडे बदलता येतात म्हणून. ते मशीन कुठून आलं माहितीय का, आपल्या मुंबईतून, जुन्या कस्टम हाऊसमधून, सरकारच्या ताब्यातून. पुढे त्याबद्दल हरी प्रसादला अटक झाली. हे मशीन जुन्या पिढीचं, आताची वेगळी आहेत, हे मान्य. पण त्या प्रयोगासाठी मशीन निवांत उघडायला हातात असावं लागलं, मला त्यातली ही गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. मशीन रात्री कुठे होतं, कुलूप कोणाचं होतं, सील कोणी लावला आणि त्याचा नंबर कोणी लिहून ठेवला.

आणि यासाठी नियम आहेत हो, भरपूर आहेत. निवडणुकीच्या कितीतरी आधी मशीनचं फर्स्ट लेव्हल चेकिंग, म्हणजे एफएलसी, होतं, त्याला सगळ्या पक्षांना बोलावतात. कोणतं मशीन कुठल्या मतदारसंघात आणि मग कुठल्या बूथला जाणार ते कॉम्प्युटरवर दोनदा सरमिसळ करून ठरतं, त्या याद्या उमेदवारांना देतात. मशीनमध्ये उमेदवार भरतात त्याला कमिशनिंग म्हणतात, तेव्हा ५ टक्के मशीनवर हजार हजार मतांचा मॉक पोल असतो. मतदान झाल्यावर स्ट्रॉंगरूमच्या दाराला उमेदवाराच्या माणसाला स्वतःचा सील लावता येतो, बाहेर मुक्काम ठोकता येतो. म्हणजे दरवाजे उघडे आहेत, पण आत यायला माणूस पाहिजे ना. मी इतक्या वर्षांत बघितलं ते असं, प्रचाराला पन्नास बाईक निघतात आणि एफएलसीला बोलावलं की पक्षाचा एकसुद्धा माणूस फिरकत नाही, आणि निकाल लागला की मग सगळ्यांना मशीन आठवतं. याचा मला मनापासून राग येतो. संशय घ्यायचा तर तो वेळेवर घ्यावा, वही घेऊन घ्यावा.

त्या काकांच्या वहीत काय होतं ते मी दुपारी बघितलं, त्यांनीच दाखवली. पहिल्या पानावर कंट्रोल युनिटचा नंबर, बॅलट युनिटचा, व्हीव्हीपॅटचा. खाली हिरव्या सीलचा नंबर, त्याच्याखाली "टोटल ० बगली" असं लिहून वेळ. मग दर दोन तासांनी किती मतं झाली ते, आम्ही आकडेवारी वर कळवायचो तेव्हा तेही विचारून लिहायचे. एका ठिकाणी लिहिलं होतं, "कवाडाकडचा मशीन सरकवला, ऊन." ती गोष्ट पण सांगते. व्हीव्हीपॅटवर थेट प्रकाश पडू द्यायचा नसतो, खिडकीसमोर किंवा बल्बखाली ठेवायचं नाही, नाहीतर ते एरर देतं. आणि आपल्या कौलारू शाळांना उजेडासाठी मध्ये मध्ये काचेचं कौल असतं की नाही, दहाच्या सुमारास त्यातून उन्हाचा एक कवडसा सरकत सरकत बरोबर मशीनच्या दिशेने यायला लागला. ट्रेनिंग देणाऱ्याला काचेचं कौल कुठून सुचणार. एजंटांना सांगून, सगळ्यांच्या देखत टेबल हातभर सरकवलं आणि पुन्हा आडोसा लावला. ते सुद्धा त्या वहीत आलं, याला म्हणतात पहारा.

मतदाराचं काम त्यामानाने सोपं आहे पण तेही होत नाही. बटण दाबलं की बाजूच्या व्हीव्हीपॅटच्या काचेत चिठ्ठी दिसते, उमेदवाराचा क्रमांक, नाव आणि चिन्ह, सात सेकंद दिसते आणि मग कापून खाली पडते. सात सेकंद म्हणजे खूप असतात, बघा. पण लोक बटण दाबतात, बीप ऐकतात आणि निघतात, काही जणी तर बीप व्हायच्या आधी वळतात. चिठ्ठीवर भलतंच नाव दिसलं तर तिथल्या तिथे केंद्राध्यक्षांना सांगायचं, लेखी द्यावं लागतं, मग एजंटांसमोर तुमच्याकडून टेस्ट व्होट घेतात आणि तक्रार खरी निघाली तर त्या बूथचं मतदान तिथेच थांबतं. खोटी निघाली तर मात्र गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. या शिक्षेच्या भीतीने खरा माणूसही गप्प बसेल असं काही जण म्हणतात आणि मला ते पटतं, पण घरी जाऊन व्हॉट्सॲपवर टाकून काही उपयोग नाही, बूथच्या बाहेर पडलात की ती चिठ्ठी इतर चिठ्ठ्यांत मिसळली.

या चिठ्ठ्या सगळ्या मोजत नाहीत, हे तुम्हाला माहीत असेल. २०१९ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की प्रत्येक विधानसभा क्षेत्रातली पाच व्हीव्हीपॅट मोजा. सगळ्या मोजाव्यात ही मागणी कोर्टाने २६ एप्रिल २०२४ ला फेटाळली, पण त्याच निकालात दोन नवीन गोष्टी दिल्या. चिन्ह भरायला जे छोटं यंत्र वापरतात, सिम्बॉल लोडिंग युनिट, ते सील करून निकालानंतर किमान ४५ दिवस जपून ठेवायचं. आणि दुसऱ्या-तिसऱ्या नंबरच्या उमेदवाराला सात दिवसांच्या आत अर्ज करून ५ टक्के मशीनची मेमरी तपासून मागता येते, खर्च त्याने भरायचा, गडबड निघाली तर पैसे परत. माझं वैयक्तिक मत विचाराल तर पाचाच्या जागी थोड्या जास्त मोजल्या असत्या तर कोणाचं काही बिघडलं नसतं, एक दिवस उशीर झाला असता. लोकांचा विश्वास एका दिवसापेक्षा मोठा आहे.

आणि आपल्या इथे तर आणखी एक आहे. नगरपालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो आणि त्यात व्हीव्हीपॅट नसतंच. २ डिसेंबर २०२५ ला आपल्या मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी, कणकवली इथे मतदान झालं आणि मोजणी २१ तारखेला, म्हणजे जवळजवळ तीन आठवडे मशीन स्ट्रॉंगरूममध्ये. गावपातळीवर एक-दोन मतांनी माणूस पडतो, सख्खे भाऊ बोलेनासे होतात, आणि तिथेच चिठ्ठी नाही. ती तिथेही असायला हवी असं मला वाटतं आणि मिळेल तिथे मी ते बोलते. पण तोपर्यंत काय, तर परत तेच, जो बसलाय त्याने नीट बसायचं.

आता संध्याकाळ. सगळ्यात महत्त्वाचा कागद संध्याकाळी तयार होतो, आणि नेमका तेव्हा बूथ रिकामा झालेला असतो. मतदान संपलं की क्लोज दाबायचं आणि १७ सी भरायचा, या मशीनमध्ये किती मतं पडली त्याचा हिशोब, मशीनचे नंबर, सीलचे नंबर, केंद्राध्यक्षाची सही. त्याची कॉपी हजर असलेल्या प्रत्येक एजंटाला द्यायची, तो नियमच आहे. मोजणीच्या दिवशी टेबलावर तेच मशीन येतं, तेव्हा खिशातला कागद काढून आकडा आणि नंबर मिळवायचा, जुळला नाही तर मोजणी सुरू व्हायच्या आधी हरकत घ्यायची. २०२४ च्या मे महिन्यात हे १७ सी वेबसाईटवर टाका म्हणून सुप्रीम कोर्टात केवढी भांडणं झाली, आणि आयोगाचं म्हणणं होतं की कॉपी एजंटांना दिलेलीच आहे. दिलेली आहे, हो, पण घ्यायला कोणी थांबलं असेल तर.

त्या दिवशी आमच्या बूथला चार एजंट होते. एकाला दुपारी जेवायला म्हणून घरी जायचं होतं तो आलाच नाही, एकाचा पक्षातून फोन आला, इकडे काही प्रॉब्लेम नाही तू ये, आणि सकाळी गाडी पंक्चर झालेला पोरगा पाचला निघाला कारण रात्री बोटीवर जायचं होतं, त्याला मी काय म्हणणार, पोटाचं काम आहे, पण पक्षाने त्याच्या जागी दुसरा पाठवायला हवा होता, रिलीफ एजंट ठेवता येतात की.

सहा वाजले. गेटच्या आत असलेल्या सगळ्यांना मागून पुढे नंबरच्या चिठ्ठ्या वाटल्या, शेवटचं मत पडलं, मी क्लोज दाबलं, आकडा मोठ्याने वाचला. चार १७ सी लिहून तयार केले, हात दुखायला लागले होते. काका पुढे आले, चष्मा वर केला, माझा आकडा आणि त्यांच्या वहीतला आकडा बोटाने दोनदा मिळवला, सीलचा नंबर वाचला, मग सही केली, कॉपीची चौकोनी घडी घातली आणि वहीत मध्ये ठेवली. "येतंय बाईनू," म्हणाले आणि बॅटरी लावून पाणंदीने खाली उतरले.

बाकीच्या तीन कॉपी टेबलावर तशाच राहिल्या.